दंडाची पावती

केप्याच्या कचेरीत दुपारी पंखा फिरला
की कागदांवर दगड ठेवावे लागतात.
त्यातला एक उचलून मी तिचा अर्ज ओढला.
सुकांती वेळीप, वय अंदाजे सत्तर,
राहणार कुंभेमळ.

रकाना नऊ : जमिनीच्या सीमा.
उत्तरेला काय, मावशी?
उत्तरेला ऊन उशिरा येतं.
दक्षिणेला?
सासूनं लावलेला फणस. गेल्या वर्षी पडला,
पण खोड आहे, त्याच्यावर अळंबी येतात.
पूर्वेला?
राखणदार. त्याचं नाव लिहायचं नाही.
मी लिहिलं : पूर्व, पाषाण.
पश्चिम विचारल्यावर ती काही बोलली नाही,
बोट केलं फक्त, खिडकीतून, दूर,
त्या लोखंडी फाटकाकडे असणार,
जिथे अभयारण्याची पाटी लागल्यापासून
स्वतःची नाचणी घरी न्यायला
वहीत अंगठा द्यावा लागतो.

कायदा चांगला आहे. मी वाचलाय.
सुरुवातीलाच त्यात लिहिलंय, ऐतिहासिक अन्याय झाला म्हणून.
अठरा वर्षांच्या नोकरीत
सरकारी कागदावर असे शब्द
मला दुसरीकडे दिसले नाहीत.
पण पहिल्या पानानंतर बाकीची पानं येतात.
तेरा डिसेंबर दोन हजार पाच.
त्याच्या आधी तू तिथे राबत होतीस
हे दाखव,
एकाहून जास्त पुराव्यांनी.

घरपट्टी?
कसली?
विजेचं बिल?
वीज गेल्या चवथीला आली.
मग तिनं फडक्यातून एक बांबूचं नळकांडं काढलं,
चुलीवर टांगून टांगून काळं झालेलं,
तोंडाला चिंधीचा बोळा.
आत दोन कागद. वाळवी लागली नव्हती,
धुरानं राखले होते.

एक वनखात्याचा, सन एकोणसत्तर.
डोंगर उतारावर कुमेरी केल्याबद्दल
दुलबा वेळीप यास दंड रुपये अकरा.
कोयता जप्त.
दुसरा पोर्तुगीज.
तो घेऊन मी नोटरीकडच्या म्हाताऱ्या सांतानकडे गेलो.
त्यानं चष्मा पुसला, कागद उजेडाला धरला.
मुल्ता, म्हणाला. दंडच.
नाव दुलबाच्या बापाचं, जागा तीच.
आणि हसत कागद परत दिला :
दोन राज्यं झाली बाबा,
दोघांनाही हे घर बरोब्बर सापडलं.

रकाना तेरा : पुराव्याचे स्वरूप.
मी लिहिलं, गुन्हा, दोन वेळा.
खोडलं.
लिहिलं, शासकीय अभिलेख.
त्या कोयत्याचं पुढे काय झालं
हे विचारायला रकाना नव्हता.
ती मात्र विचारत होती,
कोयता मिळेल का परत,
मूठ शिवणीची होती.

साहेब म्हणाले, मूळ प्रती जोडून घ्या.
मी तिला सांगितलं.
तिनं बोळा नळकांड्यावर दाबला
आणि उभी राहिली.
"ना. हो आमचो दंड.
आमी भरला."

शेवटी आम्ही बसस्टँडसमोरच्या
झेरॉक्सच्या दुकानात गेलो.
यंत्राच्या उजेडाकडे ती एकटक बघत राहिली.
गरम प्रत हातात आली
तशी तिनं नाकाशी नेली.
"हाका धुंवराचो वास येना," म्हणाली,
म्हणजे हे खरं धरतील का,
असं तिला विचारायचं असावं.
मला माहीत नव्हतं.
तिच्या वाड्यावरचे एकवीस अर्ज
आमच्या कपाटात आहेत, सात वर्षं,
वरच्या फळीवर.

पैसे मी काढले होते.
तिनं माझा हात मागे सारला,
पदराची गाठ सोडली, चार रुपये मोजले
आणि दुकानदाराकडे पावती मागितली.
तो हसला. चार रुपयांची कसली पावती, आजी?
ती तिथेच उभी. मागे रांग.
कुंभेमळची बस हॉर्न देत होती.

मी पॅड काढलं, लिहून दिलं :
सुकांती वेळीप, कुंभेमळ,
रुपये चार मिळाले.
खाली आजची तारीख.
तिनं घडी घातली,
नळकांड्यात सरकवली
आणि बस पकडली.